मंदाचा चेहरा

"हा मोतीबिंदू नाही, ग्लॉकोमा आहे," सांताक्रूझच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले. ग्लॉकोमा म्हणजे काचबिंदू. डोळ्यातला दाब वाढतो आणि नजरेची नस हळूहळू सुकते. "डावा डोळा बराचसा गेलाय. गेलेली नजर परत येत नाही, बाई. उजव्याची आहे तेवढी टिकवू."

मी तेव्हा चौपन्न वर्षांची होते. बोरीवलीच्या आमच्या घरात दाराच्या कडेवर माझा डावा खांदा सारखा आपटायचा. चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणत मी वर्ष काढलं. दुखत नव्हतं, तिथेच फसले.

मग फील्ड टेस्ट झाली. समोर बघत राहायचं आणि बाजूला ठिपका दिसला की सांगायचं. डाव्या डोळ्याच्या वेळी तपासणाऱ्या बाई म्हणाल्या, "झालं." मला वाटलं, अजून सुरूच व्हायचंय. बाहेर बाकावर हे माझा हात धरून बसले.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. ट्रॅबेक्युलेक्टमी. डोळ्यातलं पाणी झिरपून दाब उतरावा म्हणून बारीक वाट करतात. नंतर त्या डोळ्यावर पट्टी. डाव्याने फक्त खिडकीचा उजेड कळायचा. पडल्या पडल्या मी एकेकाचे चेहरे आठवून बघायला लागले. सगळे आले, मंदाचा येईना.

मंदा माझी धाकटी बहीण. कोकणात, सहाव्या वर्षी तापाने गेली. तिचा एकही फोटो नाही. आईला सोसणार नाही म्हणून घरात तिचं नाव कोणी काढत नसे. मला वाटलं, माझे डोळे गेले की मंदा पुरतीच जाईल.

पट्टी सुटल्यावर वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, असं बजावलं होतं. मी टेबलाशी बसून जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर जाड रंगीत खडूंनी काढू लागले. शाळा सुटल्यापासून चित्र काढलं नव्हतं. चेहरा जमेना, म्हणून पाठमोरी काढली. तिची वेणी मीच घालायचे, ती हाताला आठवत होती.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, सख्ख्या भावंडांनीही डोळे तपासून घ्या. दादा नाहूरला राहतो, आई त्याच्याकडेच असते. तो तपासून आला तो थेट माझ्याकडे. त्याचाही दाब वाढलेला निघाला, पण नजर शाबूत होती. थेंब सुरू झाले होते.

टेबलावरचा कागद त्याने उचलला.

"मंदा ना गं ही?"

पंचेचाळीस वर्षांत त्याच्या तोंडून ते नाव मी पहिल्यांदा ऐकलं.

"चेहरा आठवत नाही रे मला."

"हसताना एक डोळा बारीक व्हायचा तिचा. पुढचा दात पडलेला. काढ तू, मी सांगतो."

त्या दुपारी चार कागद वाया गेले. पाचवा दादाने हातात घेतला. खिशातून रुमाल काढून त्याने चष्मा पुसला.

पुढच्या रविवारी आम्ही ते चित्र घेऊन नाहूरला गेलो. दाखवावं की नाही, यावर दारात उभे राहून आमची कुजबुज चालली होती. आईने आतूनच विचारलं, काय आहे ते. दादाने कागद तिच्या मांडीवर ठेवला. तिने तो उजेडाकडे धरला, त्यावरून बोट फिरवलं.

"तिचो परकर हिरवो नव्हतो गो," ती म्हणाली. "जांभळो होतो. मीच शिवलेलो."

मग ती बोलतच राहिली. जेवणं झाली तरी थांबली नाही. आम्ही तिला जपत होतो आणि ती आम्हाला.

ज्यांना हा आजार निघेल त्यांना एवढंच सांगते: थेंब चुकवू नका, भावंडांना तपासायला पाठवा. माझा डावा डोळा गेला, उजवा टिकून आहे. दर रविवारी मी नाहूरला जाते. आई सांगते, दादा खडू हातात देतो, आणि मी काढते.