निशी-कसाईतलं घंटाघर

मार्ता-सान गेल्याचा फोन आला तेव्हा मी कचरा वेगळा करत होते; प्लास्टिक एका पिशवीत, बाटल्या दुसरीत. फोनवर त्यांची धाकटी बहीण, थेट हंगेरीहून, मोडक्या इंग्रजीत. महिना होत आला, पण माझा जीव थाऱ्यावर नाही. घरभर नुसत्या येरझारा...

मार्ता-सान आमच्या वरच्या मजल्यावर राहायच्या, जपानी नवऱ्याच्या मागे एकट्याच. त्यांचं गाव एवढंसं, पण कौतुक केवढं! टेकडीत खोदलेली वाइनची तळघरं, खांबांवर करकोच्यांची घरटी, जवळच गरम पाण्याचं तळं आणि चर्चशेजारी लाकडी घंटाघर. ते सगळं त्यांनी टोकियोतल्या आमच्या निशी-कसाईत वसवलं होतं. सार्वजनिक स्नानगृह म्हणजे तळं, सायकली ठेवायची जागा म्हणजे तळघर, स्टेशनसमोरचं घड्याळ म्हणजे घंटाघर. "नीलिमा-सान, तळ्यावर येता?" असं खुशाल विचारायच्या. मी वैतागायचे. माझी मुक्ता मात्र त्यांच्या नादानं तसंच बोलायला लागली.

२०११च्या त्या मोठ्या भूकंपाच्या दुपारी फोन लागेना, गाड्या बंद, शाळकरी मुक्ता क्लासला गेलेली. मी वर मार्ता-सानकडे धावले. त्या बूट चढवत म्हणाल्या, "चला. आमच्याकडे चुकामूक झाली की माणूस घंटाघराखाली थांबतं. तिला ठाऊक आहे." धावत गेलो. पोरगी घड्याळाखाली उभी! "दाइजोबू, आई," मी ठीक आहे, असं म्हणाली आणि मग ढसाढसा रडली. तेव्हापासून मी त्या घड्याळाला घड्याळ म्हटलेलं नाही.

नंतर पुण्याहून घरच्यांचे आम्हाला रोज फोन, "परत या." मार्ता-साननाही त्यांची बहीण बोलवायची. "जाईन की, घंटाघर कुठे पळतंय?" म्हणायच्या. जाऊ जाऊ म्हणता वर्षं गेली. यंदा अखेर गेल्या, आणि तिकडेच... म्हणून त्या फोनवर मी आधी हेच विचारलं, "घंटाघर पाहिलं ना त्यांनी?"

"कुठलं घंटाघर? ते आमच्या लहानपणीच वादळात पडलं. तिला माहीत होतं. तरी रोज संध्याकाळी त्या मोकळ्या जागेवर जाऊन उभी राहायची."

मला त्यांचा इतका राग आला, इतकं रडू आलं! अहो, मग मला सांगायचं तरी...

काल ऑफिसातून येताना मुक्ता पावसात अडकली. "घंटाघराखाली आहे, छत्री आण," असा मेसेज. गेले. छत्री हातात दिली तरी ती हलेना.

"आई, थोडं थांबू या ना."

थांबलो.