कागदावर धुतलेलं तोंड

चांगुणाचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. देऊळघाटात घरचं पाणी भरायचं, भाकरी टाकायच्या, साडेपाचचा ऑटो धरायचा आणि सहाला बुलढाण्याच्या दवाखान्यात हजर व्हायचं. त्या खाजगी दवाखान्यात मी एकोणीस वर्षं स्ट्रेचर ढकललं. वेळेवर येणारी माणसं पुष्कळ पाहिली. हातातलं काम पुरं करणारी फार थोडी होती.

ज्याचं ऑपरेशन पूर्ण भूल देऊन होणार त्याचं तोंड साफ करणं, हे तिचं काम. भूल दिल्यावर घशातून नळी घालतात. तोंडातली घाण त्या वाटेनं छातीत उतरली तर न्यूमोनिया होऊ शकतो. म्हणून ती आधी कवळी काढून डबीत ठेवायची. गालात बोट घालून तंबाखू काढायची. दात घासून घ्यायची. मग जंतुनाशक औषध टोपणानं मोजून द्यायची आणि रोग्यासमोर उभी राहून तीस आकडे मोजायची. तेवढा वेळ खळखळवायचं, मग थुंकायचं, वर पाणी नाही. ज्याला खळखळवता येत नाही त्याच्या तोंडात औषधाचा बोळा फिरवायचा. दाढांच्या मागे, जिभेखाली, सगळीकडे. एकवीसवर कोणी थुंकलं तर पुन्हा एकपासून.

वरवट बकालचे एक आजोबा तिला म्हणाले होते, "बाई, नवरदेवासारखं घासून राह्यली. आता वरात कोठी नेतं?"

"आत नेतो. भुलीचे डॉक्टर लगन लावते," ती म्हणाली. हसली नाही.

हे काम तिनं मागून घेतलं होतं. त्याला कारण होतं तिचा नवरा, भाऊराव.

भाऊराव गवंड्याच्या हाताखाली काम करायचा. पित्ताशयात खडे निघाले म्हणून याच दवाखान्यात त्याचं ऑपरेशन झालं. आदल्या रात्री सांगितलं होतं, बारानंतर अन्न-पाणी बंद. तंबाखूचं कोणी बोललं नाही, आणि आमच्याकडे तंबाखूला खाणं कोणी समजत नाही. सकाळी तो कासावीस झाला तेव्हा चांगुणानंच चुना लावून चिमूट मळून दिली. तसाच तो आत गेला. तिसऱ्या दिवशी ताप चढला. छाती भरली. नवव्या दिवशी गेला.

छातीच्या डॉक्टरांनी फाईल चाळत विचारलं होतं, तोंड साफ केलं होतं ना? मग स्वतःच म्हणाले, हो, केलेलं दिसतंय. कागदावर बरोबरची खूण होती आणि वॉर्डातल्या गजेंद्र ब्रदरची, म्हणजे पुरुष नर्सची, सही. चांगुणा रात्रभर आणि सकाळभर खाटेजवळच बसली होती. कोणीही आलं नव्हतं.

सहा महिन्यांनी ती तिथंच आया म्हणून लागली. ठेकेदारानं आधार कार्ड मागितलं, नवरा कशानं गेला ते विचारलं नाही. गजेंद्रनं तिला ओळखलं नाही. उलट तोंडाचं काम तिनं अंगावर घेतलं म्हणून तो खूष होता. तिची सुट्टी असली की तो टेबलावर चहा पीत सगळ्या कागदांवर एकदम खुणा करायचा. हे मला ठाऊक होतं, बाकीच्यांनाही ठाऊक होतं. बोलत कोणी नव्हतं. मीही नाही.

ती मला एकदाच म्हणाली होती, त्याच्याच हातानं लिहून पाहिजे की भाऊरावचं तोंड त्यानं धुतलं नाही. दुसरं काही नको.

चौथ्या वर्षी एका सुट्टीच्या दिवशी ती वॉर्डात येऊन नातेवाइकांत बसली. सुलतानपूरच्या झुंबरबाईचं नऊला ऑपरेशन होतं. सात वाजता म्हातारीनं पदराआड मिश्री लावली. गजेंद्रनं खुणा केल्या. चांगुणानं दोन्ही पाहिलं आणि म्हातारीला अडवलं नाही.

स्ट्रेचर घ्यायला गेलो तेव्हा मला समजलं. मी म्हटलं, परक्या बाईचा जीव असा पणाला लावू नको.

"दारापर्यंतच नेऊ," ती म्हणाली. "मी तिले आत जाऊ देत नाही."

ऑपरेशनच्या दाराशी भुलीचे डॉक्टर कागद वाचत होते. चांगुणानं स्ट्रेचरची कड धरून ठेवली आणि त्यांना म्हणाली, एकदा तोंड पाहा. त्यांनी बॅटरी मारली. हिरड्यांवर काळी मिश्री, गालात लाळेत कालवलेला गोळा. त्यांनी पुन्हा कागदावरची खूण पाहिली, वेळ पाहिली आणि गजेंद्रला बोलावून घेतलं.

ऑपरेशन पुढं ढकललं. सुट्टी असूनही तोंड चांगुणानंच धुतलं. त्या दिवशी ती साठपर्यंत मोजत होती. म्हातारीची तिनं माफीही मागितली. कशाची, ते म्हातारीला कळलं नाही.

गजेंद्रनं तिला व्हरांड्यात गाठलं. "मावशी, मले आधी सांगतलं असतं तर मी करून देल्लं असतं. काऊन माह्या पोटावर पाय देता?"

"खाट नंबर अकरा. भाऊराव. तुमी आले नाही अन् खूण केली."

"कोण भाऊराव?"

त्याला भाऊराव आठवला असता तर कदाचित ती तिथंच थांबली असती.

दवाखान्यानं गजेंद्रला काढलं. महिनाभरात तो चिखलीत दुसरीकडे लागला. मग ती वकिलाकडे गेली आणि त्याच्या नर्सिंगच्या नोंदणीविरुद्ध मुंबईला नर्सिंग कौन्सिलकडे तक्रार केली. वकील म्हणाले, तंबाखूची गोष्ट लिहू नका, उलटेल. तिनं तीच पहिली लिहायला लावली.

सुनावणीत समोरच्या वकिलानं तंबाखूच पकडली. बायकोनंच दिली ना?

"हो, देल्ली. माही चूक मी लिहून देल्ली हाये. यायनं यायची लिहून द्यावी."

दवाखान्याकडून जुने कागद मागवले गेले. भाऊरावच्या कागदावर ज्या मिनिटाची खूण होती, त्याच मिनिटाच्या खुणा आणखी सहा रोग्यांच्या कागदांवर निघाल्या. सात तोंडं एका मिनिटात धुता येत नाहीत. तिसऱ्या सुनावणीला गजेंद्रनं लिहून दिलं की भाऊरावचं तोंड त्यानं धुतलं नव्हतं. नोंदणी दोन वर्षांसाठी गेली.

मुलगा धम्मरत्न तिला म्हणाला, एवढ्या पैशात घरावर स्लॅब पडला असता. ती म्हणाली, पडला असता.

चार वर्षांचा पगार वकिलात आणि मुंबईच्या तीन खेपांत गेला. उरले त्यातून तिनं नकलेची फी भरली आणि गजेंद्रच्या हातच्या त्या एका पानाची शिक्क्याची प्रत काढून आणली.