खंडेनवमीचं कुंकू आणि आमच्या मॅडम

मी चौथी नापास. बायको इथं इंग्लंडात हॉस्पिटलात नर्स, तिच्यामागं रीडिंग गावी आलो. पण हात पिंपरीत लेथवर तयार झालेला, त्या जोरावर एका युनिव्हर्सिटीच्या वर्कशॉपात टर्नर म्हणून लागलो. अंतराळात जाणाऱ्या यंत्रांचे भाग करायचे.

तिथल्या प्रमुख एक काळ्या बाई, फिजिक्सच्या डॉक्टर. शाळेत त्यांना सांगितलेलं, ग्रहतारे हे तुझं काम नाही. बाई वायरी सोल्डर करण्यापासून चढत चढत त्या खुर्चीत बसल्या. बाकीचे साहेब ड्रॉइंग ईमेलनं पाठवायचे. मॅडम स्वतः यायच्या आणि विचारायच्या, "हे लेथच्या चकात धरणार कसं?" मला विचारायच्या! येत नाही ते विचारता येणं हीच खरी विद्या, असं माझं मत आहे, आणि ते मी बदलणार नाही.

एका वर्षी अंतराळात जाणाऱ्या दुर्बिणीची, भिंग धरणारी कडी करत होतो. खंडेनवमी आली. हत्यारं पुजल्याशिवाय मी त्या दिवशी कामाला हात लावत नाही. लेथला, व्हर्नियरला हळदकुंकू लावलं, मग काम संपवलं. कडी क्लीनरूममध्ये गेली, जिथं एक केससुद्धा चालत नाही. तिच्यावर लाल कण सापडले.

सुपरवायझर ओरडत आला, "कुणाचे उद्योग हे? घरी जाईल तो!"

"माझे," मी म्हटलं. "आणि पुढच्या वर्षीही करणार."

मॅडम आल्या. सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "माझे आजोबा बस दुरुस्त करायचे. त्यांची हत्यारांची पेटी कुणी ओलांडलेली त्यांना खपायची नाही."

मला वाटलं, सुटलो.

"पण तुमच्या पूजेनं माझी दुर्बीण आंधळी झाली असती. शुक्रवारपर्यंत नवी कडी द्या. नाही जमलं, तर तुमची नोकरी मी वाचवणार नाही."

बाईंचं बरोबर होतं. माफी मी मागितली नाही, पण लेथवरचं कुंकू माझ्या हातानं पुसलं. तसं आयुष्यात एकदाच केलं. शुक्रवारी मॅडमनी कडी स्वतः मोजली, दोनदा. मग कागदावर सही केली.

पुढच्या खंडेनवमीला त्यांनी वर्कशॉपातले सगळे जॉब, म्हणजे चालू कामाचे भाग, आदल्या दिवशीच बाहेर हलवले. सकाळी माझ्या टेबलावर एक जुनी सोल्डरिंग गन ठेवली, प्लास्टिकच्या पिशवीत सीलबंद.

"माझं पहिलं हत्यार. यालाही लावा. पण पिशवी उघडायची नाही हं."

मी पिशवीवरूनच कुंकू लावलं.