दूध हुंगणाऱ्याचं नाक

आमच्या डेअरीत दूध उतरवून घ्यायच्या फलाटावर बावीस वर्षं एकच माणूस उभा होता. त्याला नाव होतं, पण सगळे नाकसाहेबच म्हणत. कॅनचं झाकण उचलायचं, वाकायचं, एकदा हुंगायचं आणि ‘घ्या’ किंवा ‘परत’ म्हणायचं, एवढ्यावर त्याचं घर चालायचं. तपासणीच्या बाटल्या नंतर. आधी त्याचं नाक.

ते नाक वर्षभरापासून संपावर होतं. साधी सर्दी नव्हे, जुनाट सायनस. कपाळ शिशासारखं जड, गालांची हाडं ठणकायची, घशात मागून चिकट घाण उतरायची, उजव्या कानाला कायमचे दडे. वाकलं की डोळ्यांमागे कळ जायची, आणि त्याला तर दिवसातून तीनशे वेळा वाकायचं होतं. स्वभाव आधीच तिखट. आता तो पंख्याशीसुद्धा भांडायचा. एकदा घरी दूध करपून पातेलं काळं झालं, हा शेजारी पेपर वाचत बसलेला.

"अहो, ते नाक आहे की चष्मा अडकवायची खुंटी?" बायको कडाडली. "डॉक्टरकडे चला!"

"आणि रजेच्या अर्जात काय लिहू, नाक मेलं? दुसऱ्या दिवशी घरी बसवतील!"

मग त्याने युक्ती काढली. हुंगायचं नाटक करायचं आणि कॅन आणणाऱ्याचा चेहरा बघायचा. ज्याचं दूध आंबलंय, तो नजर चुकवतोच. चुकून सुटलेली एखादी कॅन पुढे बाटलीत पकडली जायची. वर्षभर बेमालूम चाललं.

घोडं अडलं ते एका बाईपाशी. तिचा चेहराच जन्मजात रुसलेला. नाकसाहेबाने तिचं ताजं दूध सलग तीन दिवस परत पाठवलं.

"कसला वास येतोय, सांगा तरी!"

"आंबूस."

"दूध नाही, तुमचं तोंड आंबलंय!"

"बाई, रांग अडवू नका. परत!"

चौथ्या दिवशी ती चक्क हसत आली. नाकसाहेबाने झाकण उचललं. आत पांढरंशुभ्र. तो वाकला, कळ दाबून श्वास ओढला, तिचं हसू पाहिलं आणि म्हणाला, "घ्या."

कुणी हललं नाही. हमाल नाकाला रुमाल लावून मागे सरकले होते. मॅनेजर केबिनमधून धावत आले. "फिनेल कुणी सांडलं?"

"सांडलं नाही साहेब," बाई म्हणाली. "भंगारातल्या कॅनमध्ये पाण्यात कालवून मीच आणलंय. तुमच्या नाकसाहेबांनी आत्ताच पास केलं."

मॅनेजर त्याच्याकडे वळले. "वास येत नाही तुम्हाला?"

"वर्ष झालं."

"आणि वर्षभर लोकांच्या पोटाशी खेळताय? आजपासून झाकणाला हात लावायचा नाही!"

"माझ्या दुधाला मात्र रोज नाक मुरडत होते," बाईने उरलासुरला वार केला. "तेवढ्यापुरतं चालतं वाटतं!"

नाकसाहेबाने हातातलं झाकण कॅनवर आपटलं आणि तो फलाट उतरला.

डॉक्टरने नाकात दुर्बीण घातली. आत द्राक्षांसारखे मांसल कोंब माजलेले. ऑपरेशनने डोकं हलकं होईल, कानही मोकळा होईल. वासाचं सांगता येत नाही, फार उशीर केलात, म्हणाला. नाकसाहेब त्याच्यावरही खेकसला, पण कागदावर सही केली.

पुढल्या महिन्यात ऑपरेशन आहे. तोवर त्याला तपासणीच्या बाटल्या धुवायला बसवलंय. फलाटावर आता चौघं मिळून एकेक कॅन हुंगतात आणि वाद घालतात. तो आतून चांगल्या कानाने ते ऐकतो आणि बाटल्यांना शिव्या घालतो.