पिशवी डोळ्यांच्या वर

पोझनानच्या हिवाळ्यात दुपारीच अंधारून येतं. जेवण झाल्यावर मी सोफ्यावर आडवी होते, तर मारेक स्वयंपाकघरातून विचारतो, "टेबल आवरू का? स्क्रॅबल क्लबचे लोक पट न्यायला येतील आता." मी डोळे मिटून घेते. माझ्या नवऱ्याला वाटतं मी झोपले. उत्तर देण्याइतकी मी जागी आहे, पण देत नाही.

टेबलावर माझ्या सासूबाईंचा, हालिनाआईंचा, शेवटचा डाव आहे. पोलिश स्क्रॅबलचा, ठोकळ्यांवरची अक्षरं जोडून पटावर शब्द लावायच्या खेळाचा. शेजारी दोघींची वेळ मोजणारं दोन तोंडांचं घड्याळ. आईंच्या नावानं स्पर्धा ठेवली आहे म्हणे, तिथं त्यांचा पट मांडायचा आहे. न्या म्हणावं, पण डाव अर्धा आहे त्याचं काय? आमच्या घरची रीत अशी, की एकीनं अक्षरांची पिशवी डोळ्यांच्या वर धरायची आणि दुसरीनं न बघता आत हात घालायचा. तिचं अक्षर उचलून झालं की मगच पहिलीचा डाव. त्या दिवशी मी एक अक्षर पटावर लावलं आणि बदली अक्षरासाठी थांबले. आजारपणानं आईंचा हात खांद्याच्या वर जाईना. असू दे, मांडीवरच धरा, म्हटलं मी. त्यांना ते पटलं नाही. "जरा पडते, मग उचलेल हात," म्हणाल्या. त्या पडल्या त्या उठल्याच नाहीत.

पुढे क्लबच्या लोकांनी मायेनं ती पिशवी शवपेटीत त्यांच्या हाताशी ठेवली. माझ्या आईनं इस्लामपूरहून शिवून पाठवलेली, खणाच्या कापडाची, नाडीची पिशवी. उरलेली अक्षरं आत तशीच आहेत हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. माझ्याही नाही. तेव्हापासून, हातातली अक्षरं मांडून ठेवायच्या माझ्या पट्टीवर एका अक्षराची जागा रिकामी आहे.

"अगं, झोपलीस? डाव टाकून?"

हालिनाआई सोफ्याच्या कडेला बसल्या आहेत. अंगात तोच हिरवा स्वेटर, पायात घरातल्या सपाता. बोलताहेत मात्र मराठी, थेट माझ्या इस्लामपूरच्या आत्यासारखं.

"आधी तुम्हीच झोपलात," मी म्हणते. "आणि मराठी कधी शिकलात?"

"तिकडं वेळच वेळ असतोय. चल, ऊठ बघू."

मी उठते तर आम्ही वाचनालयाच्या मागच्या खोलीत आहोत. इथंच त्यांनी क्लब काढला. तेव्हा चार-दोन टेबलं होती, थर्मासमधला चहा होता आणि पोलिशचं ओ का ठो कळत नसलेली मी नवी सून होते. आज टेबलं संपतच नाहीत. जिथं भिंत हवी तिथून इस्लामपूरचा एसटी स्टँड सुरू होतो. फलाटाफलाटावर खेळाडू समोरासमोर बसलेत, मध्ये दोन तोंडांची घड्याळं. लाउडस्पीकरवर कंट्रोलर सांगतोय की ग्दान्स्कचे खेळाडू फलाट तीनवर लागलेले आहेत. पिशव्या वर जातात आणि खाली येतात.

"केवढं वाढलं हे," मी म्हणते.

"वाढलं खरं. आता पोरं शब्दांच्या याद्या पाठ करून येत्यात. अर्थ विचारला की गप." त्या माझ्याकडं बघतात. "तुझ्यासारखीच की."

खोटं नाही ते. त्यांच्याच याद्यांवर मी पोलिश शिकले. पटावर लावता येतात असे कितीतरी शब्द मला येतात, पण माणसाशी बोलायची वेळ आली की माझं त त प प होतं. इतकी वर्षं आम्ही समोरासमोर बसलो आणि बोललो फार थोडं. आता त्यांना मराठी येतंय. आता सांगता येईल की या गावात मला आपलं म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्या, आणि तुम्ही गेल्यापासून मी पुन्हा पाहुणी झाले आहे. मी तोंड उघडते आणि यादीतले शब्द बाहेर येतात. दोन अक्षरांचे, तीन अक्षरांचे, एकाचाही अर्थ मला ठाऊक नसलेले. ते थांबत नाहीत. मला रडू येतं, तरी ते येतच राहतात.

"राहू दे ग," आई म्हणतात. "तुझं अक्षर घे आधी."

स्टँडवर कुणीच उरलेलं नाही. आम्ही दोघीच समोरासमोर बसलोय, पायाखाली ओला पाचोळा आहे आणि दोन्ही बाजूंना थडग्यांवर काचेतले दिवे जळताहेत. त्यांच्या हातात खणाची पिशवी आहे. त्या ती उचलू लागतात. हात छातीपर्यंत येतो आणि खांद्याशी अडतो. मला त्यांच्या कोपराला आधार द्यायचाय, पण माझे हात मांडीवरून हलत नाहीत.

"मांडीवरच धरा ना, आई. कोण बघतंय?"

"मी बघतीय."

आणि पिशवी वर जाते, डोळ्यांच्या वर. माझा हात आपोआप सुटतो आणि आत शिरतो, मनगटापर्यंत, कोपरापर्यंत. आत एकही अक्षर लागत नाही. मग त्यांची बोटं लागतात. बाहेर तर त्यांनी दोन्ही हातांनी पिशवी धरली आहे, तरी आत त्यांचीच बोटं आहेत, आणि ती उबदार आहेत.

"एकच घे हं."

"मला अक्षर नको. तुम्ही घरी चला."

"माझा डाव राहिलाय अजून. तुझं होऊ दे."

मी ती बोटं घट्ट धरून ठेवते. ती एकेक करून सुटतात.

मी सोफ्यावर आहे. स्वयंपाकघरात दिवा लागलाय आणि चहाचा वास येतोय. उजवा हात बधिर झालाय. मूठ उघडते तर आत एक अक्षर आहे. गार, कडांना ओली माती लागलेलं.

मी ते साडीला पुसते आणि माझ्या पट्टीवर रिकाम्या जागी ठेवते. मारेक चहाचे कप घेऊन येतो. पट्टीकडे बघतो, मग माझ्याकडे. कप हातातच राहतात.

"हे कुठून आलं?"

मला सांगता येत नाही. कुठल्याच भाषेत.

खाली दाराची बेल वाजते. क्लबचे लोक आले. मारेक जागचा हलत नाही. मी घड्याळाचं माझ्याकडचं बटण दाबते आणि आईंच्या बाजूचा काटा चालू होतो. आता डाव त्यांचा आहे. आम्ही दोघं रिकाम्या खुर्चीसमोर उभे राहतो. बेल पुन्हा वाजते.