मुद्दाम दिलेला मलेरिया

समुद्रकाठच्या किलिफी गावच्या बाजारात न्येवू महाम्री, म्हणजे गोडसर फुगऱ्या पुऱ्या, तळायची आणि नारळाच्या दुधात शिजवलेल्या तुरीबरोबर विकायची. तिचा मुलगा न्गुंबाओ टुकटुक रिक्षा चालवायचा. "संशोधन केंद्रात थोडे दिवस काम आहे, तिथंच राहीन," एवढंच सांगून तो गेला. न्येवूला वाटलं, रखवालदारी असेल.

खरं काय ते शेजारीण काड्झोनं सांगितलं. "अगं, त्याला मलेरिया टोचलाय. लशीच्या अभ्यासासाठी. माझा भाचाही आहे त्यांच्यात."

"मलेरियावरचं औषध टोचलं असेल."

"औषध नाही गं. मलेरियाच."

न्येवूचा झारा कढईतच राहिला, महाम्री काळ्या पडल्या. तिची पाच वर्षांची लेक सिडी याच तापानं तिच्या मांडीवर गेली होती. तो ताप सुईत भरून कुणी धडधाकट माणसाला देतं?

ती तशीच केंद्रावर गेली. न्गुंबाओ खाटेवर होता, अंग भट्टीसारखं तापलेलं. उशाशी डॉक्टरीणबाई बसल्या होत्या. रक्तात जंतू वाढलेले दिसताच त्यांनी गोळ्या दिल्या होत्या.

"जबरदस्ती केली का रे तुला?"

"नाही आई. सगळं समजावून सांगितलं. नको वाटलं तर कधीही जा म्हणाले. बुडालेल्या कमाईचे पैसेही देतात."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू येऊ दिलं असतंस?"

न्येवू बाईंकडे वळली. "तुमच्या मुलाला टोचाल?"

"मोठा होऊन तो स्वतः म्हणाला, तर अडवणार नाही मावशी. पण मी होऊन त्याला सांगणार नाही."

इतकं खरं उत्तर येईल असं न्येवूला वाटलं नव्हतं.

"माझ्या सिडीला घेऊन मी दवाखान्याच्या पायरीवर दिवसभर बसले. गोळ्या संपल्या म्हणाले. आणि इथं मुद्दाम आजारी पाडलेल्याच्या उशाशी डॉक्टर बसतात?"

"लस तयार झाली तर सिडीसारखी मुलं वाचतील."

"गोळीनंही वाचली असती की."

बाईंनी न्येवूला बसायला खुर्ची दिली. ती बसली नाही.

ताप उतरला, तपासण्या झाल्या, न्गुंबाओ ठणठणीत होऊन घरी आला. जेवताना सहज म्हणाला, "परत बोलावलं तर जाईन मी."

वाढता वाढता न्येवू थांबली आणि या आपल्या पोटच्या पोराकडे परक्याकडे बघावं तशी बघत राहिली.