सुई शून्याला टेकली

आमच्या घरात भुताखेताचं नाव काढायची सोय नव्हती. बाबा एसटीत कंडक्टर होते आणि धम्माच्या बाबतीत तिकिटाइतकेच कडक. आत्मा नाही म्हणजे नाही. गावात कुणाच्या मातीला गेले, की कुणी गुपचूप भाताचा गोळा ठेवतंय का, पाण्याचा गडवा ठेवतंय का, यावर त्यांचा डोळा असायचा. आमच्या वस्तीतून ती सगळी रीत उठली ती त्यांच्यामुळेच. मला त्यांचा अभिमान होता, अजूनही आहे.

पण आमच्याच घरातलं एक लेकरू गेलं होतं आणि त्याच्याबद्दल कुणी बोलत नसे. माझा धाकटा भाऊ. मी तेव्हा शाळेत होते, मला मावशीकडे ठेवलं होतं. चंद्रपूरला त्याच्या पोटाचं ऑपरेशन झालं आणि तो परत आला तो चादरीत गुंडाळलेला. नाल्याकाठच्या मसनवटीत त्याला पुरलं. तेव्हापासून घरात कुणी नुसतं "आई, पानी" म्हटलं तरी आई हातातलं टाकून पळत सुटायची. मी तिला त्यावरून चिडवायचे. ती हसायची नाही, पेला हातात द्यायची आणि तो रिकामा होईपर्यंत समोर उभी राहायची.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी शेतकीची पदविका घेऊन मी सावली गावाजवळ एका प्रकल्पावर कामाला लागले. आमच्या भागात धान कापायच्या आधीच बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, लाखोळीच्या डाळीचं बी फेकतात. मग ती लाखोळी धानामागे उरलेल्या ओलीवर वाढते. ही ओल किती खोल आणि किती दिवस टिकते, ते मोजायचं आमचं काम. त्यासाठी आलेलं साधन दिसायला अगदीच गरीब होतं. काडेपेटीएवढा जिप्समचा ठोकळा आणि त्यातून निघालेल्या दोन वायरी. ठोकळा रात्रभर पाण्यात भिजवायचा. गिरमिटाने जमिनीत भोक पाडायचं, तळाला चिखलाचा घट्ट लगदा टाकून त्यात ठोकळा बसवायचा, मग निघालेली माती थराथराने ठासून भरायची. पोकळी राहिली तर वरचं पाणी सरळ खाली उतरतं आणि ठोकळा खोटं बोलतो. वायरी वर खुंटीला बांधायच्या आणि त्यांना मीटर जोडायचं. सुई शंभराकडे गेली तर माती ओली, शून्याकडे गेली तर कोरडी.

मीटर माझ्या ताब्यात असायचं, म्हणून शनिवारी ते माझ्याबरोबर घरी यायचं. एकदा आई तांदूळ निवडत होती, तिने विचारलं, "हे काय करते वं?"

"जमिनीत किती ओल हाये ते सांगते."

"वरची सांगते का आतली?"

"जेवढ्या खोल ठोकळा पुरला, तेवढ्या खोलची."

तिचे हात थांबले. "पोराजवळची सांगन काय?"

कोणतं पोर, ते मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा अंगावर काटा आला आणि त्याच्यामागोमाग रागही आला. इतक्या वर्षांनी हे काय खूळ? मी म्हटलं, "बाबाले समजलं तं?"

"यंत्र हाये नं हे? सरकारचं यंत्र. यंत्रात कुठी आली अंधश्रद्धा?"

मला वाटलं, पावसाळ्यात नाला फुगून पाणी मसनवटीत शिरतं, लेकरू पाण्यात निजलंय म्हणून ती झुरत असणार. मनानेच ठरवून मोकळं होण्यात माझा हात कुणी धरणार नाही. मी उरलेला एक ठोकळा भिजत घातला.

धान कापणीनंतर आम्ही दोघी मसनवटीत गेलो. भर दुपार होती. त्याच्या पायांकडच्या बाजूला, थोडं अंतर सोडून, हात जाईल एवढंच भोक मी पाडलं. त्याहून खोल जायची माझी छाती नव्हती. वर आलेली प्रत्येक मूठ मी आधी निरखून बघायचे आणि मगच बाजूला ठेवायचे. मातीचा एक गोळा आईने उचलला, मुठीत दाबला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला.

पुढच्या शनिवारी मीटर जोडलं. सुई सरळ वर गेली, शंभरापर्यंत. तिला धीर कसा द्यायचा ते मी मनात घोकून ठेवलं होतं. पण ती म्हणाली, "बरं हाये," आणि वाटेने चक्क माझ्या लग्नाचा विषय काढला.

गावात असलं काही लपत नाही. बाबांनी त्या वायरी पाहिल्याच असणार. ते एवढंच म्हणाले, "ऑफिसची वस्तू हाये, हरवू नको."

हिवाळा सरला तशी सुई उतरू लागली. आईचे गुडघे दुखायचे म्हणून मी एकटीच जायचे आणि येऊन आकडा सांगायचे. आकडा उतरला की मी खूश व्हायचे आणि आई मात्र गप्प गप्प होत जायची. होळीनंतर एका दुपारी सुई शून्याला टेकली. मी घरी येऊन म्हटलं, "आता काही चिंता नाई आई. खनखनीत कोरडं हाये."

आई चुलीपुढेच बसकण मारून बसली.

"पानीच मांगत होता," ती म्हणाली. "डाक्टरनं सांगतलं होतं, थेंब देऊ नका. आई पानी, आई पानी, येवढंच. म्या गिलास भरला होता. तोंडाजवळ नेला होता. तुह्या बाबानं हातातून काढून घेतला. डाक्टरचं आयकाव लागते म्हने. दुसऱ्या दिवशी गेलाच नं. गेलाच तं मंग प्यायला असता."

इतके महिने मी या बाईला कोरडेपणाची खुशखबर आणून देत होते. मला रडूच फुटलं. आत्ता जाते, बादलीभर ओतून येते, असं म्हणत मी उठले, तर तिने माझा हात धरला. "नाई. त्याईनं लोकाईचे गडवे उचलले. आपल्याच घरून गेला तं त्याईची मान खाली होते. आता ते यंत्रही नको नेऊ."

बाबा बाहेर ओट्यावर पेपर वाचत होते. पेपरचं पान उलटल्याचा आवाज बराच वेळ आला नाही.

त्यानंतर मी जवळजवळ महिनाभर तिकडे फिरकले नाही. खुंटी मात्र डोळ्यांपुढून हलेना. काम करताना, जेवताना, भर उजेडात मला "आई पानी" ऐकू यायचं, आणि मी तर ते कधी ऐकलंच नव्हतं. शेवटी, ठोकळा काढून आणावा आणि एकदाचं संपवावं, असं ठरवून गेले. नाला आटला होता, मोहफुलं वेचणाऱ्या बायाही घरी परतल्या होत्या, सगळीकडे नुसता पाचोळा वाजत होता. उपटण्याआधी सवयीने मीटर जोडलं.

सुई शंभराला गेली.

पावसाचा टिपूस नव्हता. मी वायरी काढल्या, पुसल्या, पुन्हा जोडल्या. पुन्हा शंभर. माझी मान वळेना, मागे कुणीतरी उभं आहे असं वाटत होतं. आत्मा नाही, आत्मा नाही, असं मी मोठ्याने म्हणत होते. मग मी खाली बसले. पळसाची पानं नीट पसरून ठेवलेली होती, वर एकेक दगड ठेवून. पानं उचलली. खालची माती काळी, गार, ओली. तिथून वाटेपर्यंत सायकलचा माग गेला होता.

घरी आले तर सायकल भिंतीला टेकलेली आणि कॅरिअरला प्लॅस्टिकची कॅन बांधलेली. बाबा अंगणात होते. त्यांनी माझ्या हातातलं मीटर पाहिलं आणि म्हणाले, "आईले सांगजो, ओल हाये म्हनून. बाकी काही नको सांगू."

मी आत जाऊन सांगितलं, "आई, ओल हाये."

ती पीठ मळत होती. पाऊस नसताना ओल कशी, ते तिने विचारलं नाही. दारातून दिसणाऱ्या सायकलकडे ती बघत राहिली. ग्लास हिसकावून घेतल्याचा राग या घरात इतकी वर्षं आमच्याबरोबर जेवत होता, निजत होता, आणि मला त्याचा पत्ता नव्हता. तो आता बाहेर येईल, असं मला वाटलं.

"कॅनमधलं उन्हानं तापते," ती म्हणाली. "माठातलं नेत जा म्हना त्याईले."